फिरंगाणातील सूर

इ. स. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने निकराच्या वेढ्यानंतर वसईचा कोट पोर्तुगिजांकडून घेतला, तहाची कलमे ठरली, आतील शिबंदीला मानाने बाहेर पडू देण्यात आले, आणि मराठी दप्तरे ज्या मुलखाला ‘फिरंगाण’ म्हणत आली होती तो उत्तर कोकणचा मुलूख स्वराज्यात दाखल झाला, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्या विजयाची जी चिन्हे आजही हाताला लागतात, त्यांत चर्चच्या मनोऱ्यांवरून उतरवून देशावर आणलेल्या प्रचंड घंटा मुख्य होत. एक भीमाशंकरी गेली, एक नाशकात गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात टांगली गेली आणि तिथल्या बोलीत म्हणीसारखी रुळली, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर नाना फडणिसांच्या वाड्याशेजारी आली. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह मरियमेची आकृती आहे व १७०७ हे साल आहे. नारोशंकराची घंटा १७२१ ची. या घंटांकडे आपण आजवर केवळ लुटीची व पराक्रमाची वस्तू म्हणून पाहत आलो, ते योग्यच आहे. परंतु त्या नादासाठी ओतलेल्या वस्तू आहेत, आणि ज्या नादविश्वासाठी त्या ओतल्या गेल्या ते युरोपच्या संगीतेतिहासातील एक अत्यंत वैभवशाली पर्व होते, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेतलेली नाही.

त्या पर्वाला बारोक काल म्हणतात. स्थूलमानाने १६०० ते १७५० असा त्याचा अवधी धरण्याचा प्रघात आहे, आणि वसई पडली ते १७३९ साल त्याच्या ऐन मध्यान्हीनंतरचे, उन्हे सोनेरी झालेल्या वेळेचे होय. त्याच वर्षीच्या एप्रिलात लंडनला हँडेलचे ‘इस्राएल इन ईजिप्त’ हे भव्य समूहगानाचे काव्यनाट्य प्रथम गायले गेले, आणि पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अवघ्या महिनाभरात त्याने तंतुवाद्यवृंदासाठी बारा कॉन्चेर्तो रचले. लाइप्झिकमध्ये बाखने ऑर्गनसाठी रचलेल्या गंभीर कृतींचा एक मोठा संग्रह छापून काढला. पॅरिसमध्ये रामोचा ‘दार्दानुस’ रंगभूमीवर आला. आणि ज्या राजाचा मुलूख चिमाजी आप्पा कापून काढीत होते त्या पोर्तुगालच्या पाचव्या जुआंवच्या नावे, वसईचा वेढा सुरू होण्याच्या सुमारास, लंडनहून तीस सोनातांचे एक देखणे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. ते रचणारा दोमेनिको स्कार्लात्ती हा नेपल्सचा. तो १७१९ साली लिस्बनच्या दरबारी चाकरीस आला, राजकन्या मारिया बार्बाराला त्याने वाद्य शिकविले, आणि १७२९ मध्ये तिचे लग्न स्पेनच्या युवराजाशी झाले तेव्हा तिच्यामागून तोही स्पेनला गेला. तिच्यासाठी त्याने रचलेल्या छोट्या छोट्या सोनातांची संख्या साडेपाचशेवर जाते. एकाच राजाचे एक टोक वसईच्या बुरुजावर आणि दुसरे टोक स्कार्लात्तीच्या समर्पणपत्रिकेत सापडावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. कारण बारोक संगीत म्हणजे कुठल्या तरी दूरच्या गोऱ्या देशातले, आपला त्याच्याशी काय संबंध, ही आपली समजूत त्याने मुळातून हलते.

हा पाचवा जुआंव म्हणजे ब्राझिलच्या सोन्यावर राज्य करणारा राजा. त्याने लिस्बनच्या राजमंदिराला पोपकडून पॅट्रिआर्कच्या, म्हणजे महाधर्माध्यक्षाच्या, मंदिराची प्रतिष्ठा मिळवून दिली, रोमहून गायक आणवले, माफ्रा येथे अवाढव्य राजवाडा-मठ बांधला आणि त्याच्या दोन मनोऱ्यांत फ्लांडर्स व लिएझ प्रांतातील ओतकाऱ्यांकडून दोन अखंड घंटावाद्ये बसवून घेतली, ज्यांवर घंटांच्या ओळींतून पूर्ण चिजा वाजवता येत. घंटा सुरात लावणे ही विद्यासुद्धा त्याच युगाची. ओतीव घंटेवर आघात केला असता एकच स्वर निघत नाही; तळाशी एक खोल गुंजन, मग मूळ स्वर, वर कोमल गंधार, पंचम आणि तार षड्ज अशी स्वरांची एक मोळीच तिच्यातून सुटते, आणि या मोळीतील एखादा स्वर ढळला तर घंटा बेसूर वाटते. हॉलंडमधील अंध संगीतज्ञ याकोप फान आइक याने हे स्वर कानाने वेगवेगळे ओळखले, आणि हेमोनी बंधूंनी घंटेच्या आतील धातू नेमक्या ठिकाणी खरडून त्यांना जागेवर आणण्याची युक्ती साधली. १६४४ साली झुत्फेन नगरात त्यांनी लावलेली घंटांची ओळ ही अशी पहिली सुरेल ओळ समजली जाते. ज्यांना स्वरज्ञान आहे त्यांनी युरोपीय घडणीच्या घंटेचा टोला विरत असताना कान देऊन ऐकावे. कोमल गंधाराची ती किंचित उदास छाया अनेकदा स्पष्ट कळते.

परंतु संगीताकडे वळू. १६०० च्या आधीची शंभर-दोनशे वर्षे युरोपातील श्रेष्ठ संगीत म्हणजे चार, पाच, सहा समान अधिकाराच्या कंठांनी एकमेकांत गुंफलेले गायन. त्यात कोणी नायक नाही, कोणी साथीदार नाही, आणि शब्द बहुधा त्या जाळीत हरवून जात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समधील काही विद्वानांनी अशी तक्रार मांडली की प्राचीन ग्रीकांचे संगीत श्रोत्याला रडवू वा पेटवू शकत असे, आमचे मात्र केवळ कानाला सुखावते. तेव्हा एका माणसाने एका भावनेचे शब्द स्पष्टपणे म्हणावेत आणि खाली वाद्यांनी त्याला आधार द्यावा. या विचारातून संगीतनाट्य जन्मले. १६०७ मध्ये मांतुआच्या दरबारात क्लाउदिओ मोंतेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ झाला, आणि मृत पत्नीला परत आणण्यासाठी पाताळात उतरलेल्या गायकाची ती कथा इतक्या सामर्थ्याने गायली गेली की नव्या पद्धतीविषयी वाद घालण्याचे कारण उरले नाही. आपल्याकडे किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० सालचे. संगीत आणि नाट्य एकत्र आणण्याचा हा युरोपीय प्रयोग त्याच्या पावणेतीनशे वर्षे आधीचा.

या पर्वाची सगळी इमारत ज्या पायावर उभी आहे तो पाया म्हणजे अखंड चालणारा मंद्र स्वरपथ. इटालियनांनी त्याला ‘बास्सो कोंतिनुओ’ असे नाव दिले. एक व्हायोलोंचेलो किंवा व्हिओला दा गांबा खालच्या सप्तकातील ओळ सुरुवातीपासून अखेरपर्यंत वाजवीत राहते. तिच्या जोडीला हार्पसिकॉर्ड, ऑर्गन किंवा लांब मानेचे तेओर्बो असते, आणि ते वाजवणाऱ्याच्या समोर कागदावर फक्त ती खालची ओळ व तिच्या माथ्यावर काही आकडे लिहिलेले असतात. प्रत्येक आकडा सांगतो की या मंद्र स्वरावर कोणते स्वर एकत्र उभे करायचे. कसे उभे करायचे, किती दाटीने, किती विरळपणे, मधूनच एखादी हरकत घ्यायची की नाही, हे सर्वस्वी वादकाच्या बुद्धीवर सोडलेले. पाश्चात्त्य संगीत म्हणजे कागदावर लिहिलेले जसेच्या तसे वाजवणे, असे आपण मानतो, ते निदान या युगापुरते साफ चूक आहे. गायकही एखादी चीज दुसऱ्यांदा म्हणताना तीत आपले अलंकार घालीत, आणि जो घालू शकत नसे तो कच्चा समजला जाई.

हा मंद्रपथ पुष्कळदा एक छोटी ओळ पुनःपुन्हा आवर्तत ठेवतो आणि वरचा गायक प्रत्येक फेरीत नवे काही सांगतो. तबल्याच्या एकलवादनात सारंगीचा वा पेटीचा लहरा स्थिर फिरत राहतो आणि त्याच्यावर तबलजी कायदे, रेले, चक्रदार मांडतो, ही पद्धत ज्याच्या कानात आहे त्याला बारोकचा हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की तिथे खालची ओळ स्वतः भावाची वाहक असते. इंग्रज रचनाकार हेन्री पर्सेल याच्या ‘डायडो अँड ईनियस’ या १६८९ च्या सुमाराच्या संगीतनाट्यात राणी डायडो मरणापूर्वी जे गाते, त्याच्या तळाशी षड्जापासून शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम अशी पायरी पायरी उतरणारी ओळ आहे. ती संपते आणि पुन्हा षड्जावरून उतरू लागते. राणीचे गाणे मात्र त्या आवर्तनाच्या सीमा मानीत नाही, ते कधी ओळीच्या मध्येच सुरू होते, कधी तिच्या पुढे वाहून जाते. नियती आणि माणूस यांचे नाते इतक्या साध्या साधनांनी दाखवलेले मला दुसरीकडे आढळलेले नाही.

आता गोव्याकडे यावे लागेल. १५४५ च्या सुमारापासून पोर्तुगिजांनी गोव्याच्या चर्चांबरोबर परिशशाळा स्थापण्यास आरंभ केला आणि त्या शाळांतून इथल्या मुलांना धर्मशिक्षणाबरोबरच स्वरलेखन वाचणे, समूहात गाणे आणि पुढे व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवणे शिकवले जाऊ लागले. शिकवणारा मेस्त्रे हा चर्चच्या व्यवस्थेतला नेमणुकीचा माणूस असे. गोव्याच्या वाद्यांची कीर्ती दूरवर गेली होती. अकबराने हाजी हबीबुल्ला याला गोव्याला पाठवून जी अपूर्व वस्तुसंपत्ती आणवली तीत एक ऑर्गन होता, आणि बदायुनीने आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन आश्चर्याने करून ठेवले आहे.

१६२३ मध्ये गोव्यात एक असा पाहुणा आला की ज्याच्या कानावर विश्वास ठेवता येतो. पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा सरदारपुत्र. नव्या धर्तीच्या संगीतनाट्याचा एक प्रयोग त्याने स्वतःच्या शब्दांनी, फिरत्या गाड्यावर, रोमच्या रस्त्यांत करवला होता, आणि परत गेल्यावर १६४० मध्ये त्याने आपल्या काळचे संगीत पूर्वीच्या संगीतापेक्षा उणे नाही असे हिरिरीने मांडणारा एक लेखही लिहिला. इग्नेशियस लॉयोला व फ्रान्सिस झेवियर यांना संतपद मिळाल्याचे जे उत्सव गोव्यात झाले, त्यांतील झेवियरच्या जीवनावरचे संगीत-नृत्यमंडित नाटक त्याने पाहिले आणि आपल्या पत्रांत त्याची हकीकत लिहिली.

पुढचा साक्षीदार त्याहून महत्त्वाचा. १६६३ च्या सुमारास ज्युसेप्पे दि सांता मारिया नावाचा इटालियन कार्मेलाइट साधू गोव्यात असताना जेझुइटांच्या एका महोत्सवाला गेला आणि तेथे सात निरनिराळ्या वृंदांनी वाद्यांसह गायलेले संगीत त्याने ऐकले. आपण रोममध्येच बसलो आहोत असा भास आपल्याला झाला, ही रचना नामांकित कारिस्सिमीची असल्याचे आपल्याला सांगण्यात आले आणि हे स्थानिक लोक संगीतात इतके निष्णात कसे याचा आपल्याला अचंबा वाटला, अशा आशयाची नोंद त्याने केली. ही नोंद वाचताना एका गोष्टीवर थांबले पाहिजे: जाकोमो कारिस्सिमी त्या वेळी हयात होता. रोममधील जेझुइटांच्या जर्मन विद्यालयात १६२९ पासून १६७४ पर्यंत, मरेपर्यंत, तो संगीतप्रमुख होता, आणि त्याच विद्यालयाच्या धर्मसंघाची पत्रे व माणसे लिस्बनमार्गे मांडवीच्या काठी येत होती. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर जे गायले जात होते ते युरोपने टाकून दिलेले शिळे संगीत नव्हते. जिवंत रचनाकाराचे, त्या घडीचे, रोममध्ये ज्याची चर्चा होती ते संगीत होते. सात वृंद हीदेखील तेव्हाची अत्याधुनिक रीत. व्हेनिसच्या सेंट मार्क मंदिरात समोरासमोरच्या सज्जांतून दोन-तीन वृंदांनी एकमेकांना उत्तरे द्यावीत, ही कल्पना गाब्रिएलीने वैभवाला नेली, आणि रोमने तिचा विस्तार करीत सबंध मंदिर सर्व बाजूंनी नादाने भरून टाकण्यापर्यंत मजल मारली. गोव्यात सात वृंद उभे करायचे म्हणजे स्वरलेखन वाचू शकणारे व दुसऱ्या वृंदाचा ताल कानाने पकडणारे कितीतरी गायक-वादक हाताशी हवेत. ते साष्टी, बारदेश, तिसवाडीच्या गावांतून आले होते. साधूने त्यांच्या कसबाचे कौतुक केले, त्यांची नावे टिपली नाहीत. कारिस्सिमीचे नाव मात्र टिपले.

त्याच गोव्यात, त्याच जेझुइटांच्या आश्रयाने, आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती मराठीची आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने ओवीछंदात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. मोंतेवेर्दीच्या ‘ऑर्फेओ’नंतर ते नऊ वर्षांनी आले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ लोकांनी मिळून वाचण्या-ऐकण्यासाठी होता, आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. एकाच भाविकाच्या कानावर लॅटिनमधले सात वृंदांचे गायन आणि मराठी ओवी ही दोन्ही पडत होती, हे चित्र मनाला मोहवते. परंतु ते पुरे नाही, आणि अर्धे सांगून थांबणे अप्रामाणिक होईल. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने कोकणी बोलण्यावर बंदी आणणारा हुकूम काढला. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायसभेने, जाहीरनामा काढून ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या लग्नकार्यांतील देशी गाणी, देशी वाद्ये व रूढी निषिद्ध ठरवल्या. मुलाला मेस्त्रेकडून स्वर शिकायची मुभा होती, पण त्याच्या आईने हळदीला जे गावे ते गुन्हा झाले. बारोक संगीताचे सौंदर्य मी मनापासून मानतो, आणि ते इथे ज्या सत्तेच्या हाताने आले त्या सत्तेने दुसऱ्या हाताने काय चिरडले हेही त्याच इतिहासाच्या पानावर लिहिले पाहिजे असे मानतो.

पूर्व किनाऱ्यावर, तंजावरच्या मराठी राज्यात, हीच गाठ निराळ्या रीतीने पडली. तिथे राजे शहाजी, १६८४ ते सुमारे १७१२ पर्यंतचे, स्वतः संगीतनाटके रचीत होते आणि त्यांत मराठी नाटकेही होती. पर्सेल व दोमेनिकोचा बाप थोरला स्कार्लात्ती हे त्यांचे समकालीन. त्यांच्याच राज्यालगत तरंगमबाडीच्या डेन्मार्ककरांच्या वखारीत १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ख हा पाद्री उतरला, तो जर्मनीतील हाले नगरीत शिकून आलेला, म्हणजे १६८५ साली हँडेल ज्या गावी जन्मला त्याच गावी. तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा शास्त्रग्रंथ लिहिला तेव्हा बाख हयात होता. तंजावरच्याच परिसरात सतराव्या शतकात व्यंकटमखींनी बहात्तर मेळांची सर्वांगपूर्ण मांडणी केली होती, आणि १७२२ साली बाखने मेजर व मायनर मिळून होणाऱ्या चोवीस स्वरमेळांपैकी प्रत्येकात एक पूर्वालाप व एक फ्यूग रचून त्याचा ग्रंथ सिद्ध केला. एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन विद्वानांनी, उपलब्ध बारा स्वरांतून जे जे शक्य आहे ते सगळे एकदा नियमाने मांडून पाहावे ही एकच ओढ धरली, याचे कारण मला त्या युगाच्या बुद्धीत दिसते.

फ्यूग म्हणजे काय ते इथेच सांगतो. एक स्वर एकट्याने एक छोटे वाक्य म्हणतो. ते पुरे होताच दुसरा स्वर तेच वाक्य पंचमावरून उचलतो आणि पहिला त्याच्याविरुद्ध काही नवे बोलू लागतो. मग तिसरा, चौथा. पुढे हे वाक्य उलटे होते, लांबते, अर्ध्या काळात आवळले जाते, एकमेकांच्या शेपटीवर पाय देत येते, आणि तरी प्रत्येक क्षणी सर्व स्वर मिळून कानाला संवादी लागतात. बाख या विद्येत ज्या उंचीला गेला तिथे त्याच्या आधी वा नंतर कोणी गेलेले नाही. जर्मनीच्या परिसराबाहेर तो आयुष्यात फारसा गेला नाही. तरीही हिंदुस्थानाचे नाव त्याच्या टेबलावर आले होते: व्हेनिसच्या अनाथाश्रमातील मुलींना व्हायोलिन शिकवणाऱ्या विवाल्दीच्या एका झगमगत्या व्हायोलिन कॉन्चेर्तोला ‘ग्रोस्सो मोगुल’, म्हणजे मोठा मोगल, असे नाव मिळाले होते, आणि वायमारच्या दरबारी असताना बाखने तो ऑर्गनसाठी उतरवून काढला. त्या संगीतात हिंदुस्थानी असे काही नाही. दिल्लीच्या तख्ताच्या ऐश्वर्याची नुसती दंतकथा आहे. जिथे खरोखर हिंदुस्थानी माणसे ते संगीत गात होती त्या गोव्याचे नाव मात्र एकाही कॉन्चेर्तोला मिळाले नाही.

मी हे लिहितो ते गडचिरोली जिल्ह्यात बसून. एटापल्लीच्या पलीकडे सूरजागडचे डोंगर आहेत, लोहखनिजाने भरलेले, आणि हार्पसिकॉर्डच्या वरच्या सप्तकाच्या तारा लोखंडाच्या असतात, त्यांना कावळ्याच्या पिसाची नखी छेडते, हे वाचताना मन साहजिकच त्या डोंगरांकडे जाते. पण खरा विचार दुसराच येतो. कारिस्सिमी रोममध्ये रचीत होता तेव्हा हा मुलूख चांद्याच्या गोंड राजांचा होता. बाख वारला त्याच्या पुढच्या वर्षी, १७५१ मध्ये, तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. या मुलखाविषयी ‘ऐने अकबरी’ने वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली. माडिया गोंडांच्या रेला गाण्यांची नोंद करायला तेव्हा कोणी आले नाही. ठाकूरदेवाच्या जत्रेला किंवा गोटुलाच्या अंगणात एक रांग ओळ उचलते आणि समोरची रांग तीच ओळ झेलून पुढे नेते, हे ज्याने ऐकले असेल त्याला व्हेनिसच्या समोरासमोरच्या सज्जांमागचा मूळ आनंद काय असेल ते आपोआप कळते. पण गाब्रिएलीची कृती छापली गेली म्हणून ती आज कोणीही वाजवू शकतो, आणि तीनशे वर्षांपूर्वीची रेला त्या त्या पिढीच्या कंठाबरोबर गेली किंवा बदलत बदलत आजच्या गाण्यात मिसळली.

कागदाचीही शाश्वती नसते. कारिस्सिमीच्या हस्तलिखितांना विद्यालयाबाहेर नेण्यास पोपने मनाई केली होती, आणि ज्या दप्तरात ती जपली होती तेच १७७३ मध्ये जेझुइट संघ बरखास्त झाला तेव्हा उद्ध्वस्त झाले. त्याच्या कृती आज आहेत त्या शिष्यांनी व चाहत्यांनी करून नेलेल्या नकलांमुळे. फ्रान्सचा शार्पांतिए हा तरुणपणी रोमला राहून ते संगीत आत्मसात करून गेला होता. पोर्तुगालच्या राजांनी जमवलेला लिस्बनचा संगीतसंग्रह तर १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात व आगीत राजवाड्यासकट गेला. पाचव्या जुआंवच्या दरबाराभोवतीची एक वस्तू मात्र जगाला पुरून उरली. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास तारेला छेडण्याऐवजी हातोडीने मारणारे, म्हणून हलके व जोरात दोन्ही वाजणारे वाद्य बनवले. त्याच्यासाठी म्हणून छापलेल्या पहिल्या रचना, जुस्तिनीच्या बारा सोनाता, १७३२ मध्ये ज्याला अर्पण झाल्या तो दों आंतोनिओ हा जुआंवचा भाऊ. ते वाद्य म्हणजे आजचा पियानो.

गोव्यातील परिशशाळांची परंपरा मात्र कोणत्याही भूकंपाने मोडली नाही. स्वरलेखन वाचण्याची विद्या पिढ्यानुपिढ्या गावागावांत टिकली आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकात ती विद्या घेतलेले गोवेकर मुंबईत उतरले. पलटणींच्या बँडांत, मूकपटांच्या चित्रगृहांत, हॉटेलांच्या वाद्यवृंदांत आणि अखेर हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यांनी जागा घेतल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवले आणि १९५८ मध्ये मुंबईत हिंदुस्थानी रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना सादर केल्या. सेबास्तियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांत मुख्य चालीच्या आड दुसरी चाल व्हायोलिनांना देऊन जे वैभव निर्माण केले, ती गुंफण बारोक काळापासून चालत आलेल्या शिस्तीची आहे. ती शिस्त मेस्त्रेच्या छडीखाली शिकलेल्या मुलांनी आपल्या कानांपर्यंत पोचवली.

ज्यांना हे संगीत ऐकायला आरंभ करावयाचा आहे त्यांना बहुतेक लोक विवाल्दीचे ऋतू सुचवतात, आणि १७२५ साली छापलेल्या त्या चार कॉन्चेर्तोंत वीज, पाऊस, कुत्र्याचे भुंकणे, बर्फावर घसरणारी पावले हे सारे व्हायोलिनांतून उमटते, तेव्हा तो मार्ग सोपा आहेच. मी मात्र कारिस्सिमीचा ‘येफ्ते’ सुचवीन. कथा बायबलातली: सेनापती येफ्ते नवस बोलतो की विजय मिळाला तर घरातून जो प्रथम सामोरा येईल त्याचा बळी देईन, आणि डफ वाजवीत सामोरी येते ती त्याची एकुलती मुलगी. पाऊण तासाच्याही आत ही गोष्ट संपते. मुलगी डोंगरांत जाऊन रडते, तिच्या वाक्याचे शेवटचे शब्द प्रतिध्वनी म्हणून दोन कंठ परत देतात, आणि त्यानंतर सहा स्वरांचा वृंद शोक करू लागतो. एक स्वर दुसऱ्याला इतका जवळून घासून जातो की ती विसंगती सुटेपर्यंत ऐकणाऱ्याचा श्वास अडतो. १६५० मध्ये किर्खर या जेझुइट विद्वानाने आपल्या संगीतविश्वकोशात याच कृतीतील उतारा छापून तिची वाखाणणी केली होती. ते ऐकून झाल्यावर लगेच हँडेलच्या ‘सॅम्सन’मधील याकोबाच्या देवाला आळवणारा समूहगानाचा भाग ऐकावा. लंडनला १७४३ मध्ये गायल्या गेलेल्या त्या भागाची सामग्री हँडेलने कारिस्सिमीच्या याच शोकवृंदातून उचललेली आहे, आणि दोन्ही पाठोपाठ ऐकले म्हणजे त्याने काय तसेच ठेवले व कुठे आपला हात फिरवला हे कोणत्याही पुस्तकाच्या मदतीशिवाय कळते.